वाऱ्याला नाही म्हणणारे सर

सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कोणी बोटांकडं बघितलं की सर रागावत नसत. बिस्किटांचा एक रिकामा खोका, दोन बाजूंना हात घालायला भोकं पाडलेला, ते मशीनवर आणून ठेवत. मग बसा त्यात हात घालून. "कशास बघतेस खाली? अक्षरं कोठे पळून जात नाहीत. जेथे जायचं तेथे बघ कीं," एवढं म्हणून ते पुढच्या मशीनकडं जात.

माझ्यावर तो खोका पहिल्याच दिवशी आला. अक्षरं शोधायला म्हणून मी खाली बघत नव्हते. मला मान खाली घालून बसायची सवय होती. कॉन्व्हेंटमध्ये पुढच्या बाकावर बसून, कॉलेजात मागच्या बाकावर बसून, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर कॉफीचा ट्रे धरून मी तेवढंच केलं होतं. तासभर मान वर ठेवून बसणं हे मला टायपिंगपेक्षा अवघड गेलं.

राजवाड्यामागच्या बोळात सरांचं घर होतं. पुढं ओटा, मग मशीनची खोली, मग एक लांब अरुंद पडवी, मग अंगण, माजघर आणि स्वयंपाकघर. मशीनच्या खोलीत सतत पाऊस पडल्यासारखा आवाज, आणि त्या आवाजात सर डोळे मिटून उभे. सगळी मशीनं एकदम चालू असताना कोणाची करंगळी चुकली ते त्यांना ऐकू येई. "तिसरं मशीन, 'पी' हलका पडला," ते डोळे न उघडता म्हणत.

पाणी प्यायला आत गेलं की पडवीच्या वाशांना काथ्याच्या दोरीनं टांगलेली एक लांबलचक निळी पिशवी दिसायची. आधी मला वाटलं जाजम गुंडाळून ठेवलंय. पण जाजम तीन माणसं एकामागं एक झोपतील एवढं लांब नसतं. सरांची बायको, जिला आम्ही सगळ्या मुली वैनी म्हणायचो, त्या पिशवीवर ओले टॉवेल टाकायची आणि उन्हाळ्यात तिला ताकातल्या मिरच्यांच्या माळा अडकवायची. ती काय आहे हे विचारायचं मला महिनाभर धाडस झालं नाही. शेवटी दुसऱ्याच एका मुलीनं विचारलं.

"विमान," वैनी म्हणाली. "लोकांच्या घरी सून येते, मुलं येतात. अमच्या घरी हे आलं. कोबीच्या लॉरीवर बसून."

सर तरुणपणी निलगिरीच्या एका चहामळ्यात स्टेनो होते. मळ्याचे मॅनेजर सैन्यातून आलेले, त्यांना हँग ग्लायडिंगचा नाद. ग्लायडर उचलून उभं राहिलं की समोरून कोणीतरी तारा धरायला लागतं, वारा ते उलथवू नये म्हणून. मजूर घाबरायचे. सर पत्र लिहून घ्यायला वही-पेन्सिल घेऊन गेले होते, त्यांच्याच हातात तारा दिल्या गेल्या. पुढं साहेबांनी त्यांना उडायला शिकवलं, आणि मळा सोडून जाताना ग्लायडरही देऊन टाकलं. सर ते घेऊन आपल्या गावी परत आले. म्हणजे तंजावूरला. कावेरीच्या खोऱ्यात, जिथं भाताची शेतं ताटासारखी सपाट आहेत आणि उंच म्हणावं असं एक देवळाचं शिखर तेवढं आहे.

"म्हैस घेऊन कोणी समुद्रावर राहायला जातं कां?" वैनी विचारायची.

सरांकडं पुरावा म्हणून एकच फोटो होता. मशीनच्या खोलीत, शॉर्टहँडच्या तक्त्याशेजारी. धुक्यानं भरलेली दरी आणि तिच्यावर पतंगासारखं काहीतरी नारिंगी-निळं, त्याखाली एक काळी काडी. ती काडी म्हणजे सर. गावातला पंदलवाला, म्हणजे लग्नाकार्याचे मांडव घालणारा, दर वेळी त्या फोटोसमोर उभा राहून सुपारी चघळत तमिळमध्ये म्हणायचा, "मास्टर, हा तुम्हीच कशावरून? कावळा पण असेल."

"असेल," सर म्हणत.

पंदलवाल्याचा त्या निळ्या पिशवीवर डोळा होता. आतले अल्युमिनियमचे पाइप त्यानं एकदा हातात घेऊन बघितले आणि तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. "वजन नाही, गंज नाही. आणि ते कापड! पाणी थांबत नाही त्यावर. मास्टर, मला द्या, राजाच्या लग्नाचा पंदल उभा करतो." सर हसून नाही म्हणायचे. तरी दर रविवारी पहाटे तो आपला टेम्पो घेऊन दारात हजर. आज ना उद्या माल आपलाच आहे, तर ओळख ठेवावी, असा त्याचा हिशोब असावा.

पिशवी वर बांधून टेम्पो जायचा नदीकाठच्या तिरुवैयारूच्या बाजूला. आमच्याकडं कावेरी सगळीकडं पूर्वेला वाहते, म्हणून तिचे काठ उत्तरेला नाहीतर दक्षिणेला तोंड करून असतात. आणि वारा येतो पश्चिमेकडून. समोरून वारा नसेल तर काठ कितीही उंच असून उपयोग नाही. सरांनी सायकलवरून नदीचा काठ न् काठ पालथा घालून एक जागा शोधली होती, जिथं नदी अंग चोरून थोडी उत्तरेला वळते. तिथला काठ मातीचा, गवताळ, दोन माणसांहून थोडा उंच, आणि बरोबर पश्चिमेला उतरता. खाली उन्हाळ्यात नुसती वाळू. वैकासी हा तमिळ महिना संपताना, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पश्चिमेच्या डोंगरांतल्या खिंडीतून येणारा वारा सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत वरच्या धरणाचं पाणी सोडतात. वारा आहे आणि पाणी नाही, असे वर्षात मोजके दिवस. सरांचं सगळं वर्ष त्या दिवसांसाठी होतं.

काठावर त्यांनी वेताच्या काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येकीला टाइपरायटरची जुनी रिबन बांधली होती. अर्धी काळी, अर्धी लाल. त्या रिबनी कशा फडफडतात ते बघत सर हात मागं बांधून उभे राहायचे. त्याआधी अर्धा तास ग्लायडर जोडण्यात गेलेला असायचा. दोन लांब पाइप पुढं टोकाला मिळतात, मधून एक कण्यासारखा पाइप, एक आडवा, आणि खाली हातात धरायचा त्रिकोण. मग कापडाच्या खिशांत एकेक बरगडी सरकवायची. मग तारा. प्रत्येक तारेवरून ते बोट फिरवायचे, वीणेची तार बघतात तसं. सगळं झालं की हेल्मेट घालायचे, जे स्कूटरचं होतं, रिबनींकडं बघायचे. आणि शेवटी म्हणायचे, "आज नक्को."

कधी वारा तिरका असायचा. कधी झटके देणारा. कधी खाली वाळूत कोणाच्या म्हशी बसलेल्या. एकदा सगळं नीट होतं, रिबनी सरळ, वाळू मोकळी, तरी सर म्हणाले, "आज नक्को. माझं मन आज येथे नाही." आणि शांतपणे एकेक बरगडी काढायला लागले.

असं किती वर्षं चाललं होतं कोणास ठाऊक. गावात त्यांना फ्लाइंग मास्टर म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे. चहाच्या दुकानात लोक विचारायचे, "मास्टर, या रविवारी नक्की ना? शर्ट इस्त्री करून येतो." पण सरांना त्याचं काही वाटत नसावं. मला एकदा म्हणाले होते, "उडायला काय, साहेबानं चार दिवसांत शिकवलं. न उडता घडी घालून परत आणायचं, ते शिकवायला त्यास चार वर्षं लागली."

तारा धरायचं काम माझ्याकडं कसं आलं तेही सांगते. सर मुलामुलींना मदतीला न्यायचे, वैनी इडल्यांचा डबा घेऊन बरोबर असायची म्हणून घरचे सोडायचे. समोर उभा राहणारा दर वेळी कोणी तरी बडबड करायचा. एका रविवारी सरांनी माझ्याकडं बघितलं. मुलींना ते तमिळ पद्धतीनं म्मा म्हणायचे. "तू ये म्मा. तू बोलत नाहीस, म्हणजे बघत असशील."

काम सोपं होतं. ग्लायडरच्या नाकाजवळ उभं राहायचं, दोन हातांत दोन तारा. सर विचारणार, "तयार?" मी म्हणणार, "तयार सर," तारा सोडायच्या आणि वाकून बाजूला व्हायचं. पण त्याआधी एक गोष्ट. माणूस अंगात पट्ट्यांचं जाकीट घालतो, त्याच्या पाठीवर एक लोखंडी हूक असतो, आणि तो हूक वर कण्याला लटकणाऱ्या पट्ट्यात अडकवतात. माणूस आणि ग्लायडर यांत तेवढंच नातं. तो अडकला की नाही हे बघायला सर पालथे होऊन पट्ट्यांत लोंबकळायचे, पाळण्यातल्या मुलासारखे झुलायचे, आणि मी ग्लायडरचं नाक धरून असायचे. याला हँग चेक म्हणतात.

"हँग चेक सगळ्यांत शेवटी," सर सांगायचे. "त्यानंतर नाक पुसायला जरी हूक काढलास तरी परत पहिल्यापासून. आणि ज्याचं चुकलं तो त्या दिवशी उडत नाही. वारा कसाही असो."

हा नियम त्यांच्या घरभर पसरला होता. बसमध्ये चढताना ते वैनीला विचारायचे, "हँग चेक?" म्हणजे गॅस बंद केला का, किल्ली घेतली का. वैनी तोंड वाकडं करायची, पण पर्स उघडून किल्ली दाखवायची. परीक्षेला जाणाऱ्या मुलींना दारात तेच. हॉल तिकीट, रिबन, रबर. एकदा मी पाकिटातून हॉल तिकीट काढून दाखवलं आणि पुन्हा ठेवलं, तर म्हणाले, "आता परत बघ. ठेवलंस कां?"

मग आम्हांलाही ते वाळूवर पळवायला लागले. उडायचं नाही, नुसतं जाकीट घालून, हूक लावून, ग्लायडर खांद्यावर घेऊन वाऱ्यासमोर पळायचं. पहिल्यांदा त्रिकोणात शिरून मी ते उचललं तेव्हा वाटलं, हे शक्य नाही. भाताचं पोतं खांद्यावर घेतल्यासारखं, आणि हे पोतं आपल्या मनानं डावीउजवीकडं डोकावणारं. नाक जरा वर गेलं की वारा खाली शिरायचा आणि मला ढकलून मागं बसवायचा. नाक खाली गेलं की ग्लायडर वाळूत चोच मारायचं आणि मी त्याच्यामागं. मुलगे हसायचे. सर एवढंच म्हणायचे, "उडी मारू नक्को. पळत राहा. जमिनीस तू सोडायचं नाही, ती तुला सोडते."

बऱ्याच रविवारांनंतर एकदा पळता पळता खांद्यावरचं ओझं नाहीसं झालं. मी दचकून थांबले तर ते परत आलं. पुन्हा पळाले. पुन्हा गेलं. आणि मग मांडीभोवतीच्या पट्ट्या वरून हळूच ओढायला लागल्या, जसं गर्दीत आई लहान मुलाला बखोटीला धरून पाय टेकवत टेकवत चालवते. त्या दिवशी घरी मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायला शब्दही नव्हते. घरातली आमची मराठी भाताची, सणांची, पाहुण्यांची होती, आणि इंग्रजी शाळेची.

ग्लायडरवर संकट आलं ते कॉम्प्युटरमुळं. ती वर्षंच तशी होती. टीव्हीवर एकाची अनेक चॅनेलं झाली होती, मुंबई-मद्रासच्या कंपन्यांत म्हणे टायपिस्ट नको होते. मुली दारात येऊन विचारायच्या, "सर, कॉम्प्युटर नाही?" आणि निघून जायच्या. वैनीनं आपल्या भावाकडून व्यवस्था करून चार कॉम्प्युटर मागवले. ते थंड खोलीत ठेवायला लागतात, तर मशीनची खोली त्यांना. आणि मशीनं पडवीत. पडवीत मशीनं लावायची तर मुलींच्या डोक्यावर ती पिशवी नको.

"तें पंदलवाल्यास देऊन टाका," वैनी म्हणाली. मी पडवीतच पाणी पीत होते, मला जाता येईना.

"उडायचं आहे अजून," सर म्हणाले.

"कधी? इतकी वर्षं मी इडल्या घेऊन त्या काठावर बसले. लोक मज विचारतात, वैनी, मास्टरास खरंच येतं कां? काय सांगू मी?"

सर पिशवीच्या दोरीची गाठ ओढून बघायला लागले.

"सरि. असं करू," वैनीचा आवाज खाली आला. "ह्या वर्षी पाणी यायच्या आधी एकदा, एकच वेळ, सगळ्यांसमोर उडून दाखवा. मग मी मशीनं माझ्या माजघरात लावते, पण तें तेथून हलवणार नाही. नाही उडलात, तर त्याचा पंदल."

सरांनी वर पिशवीकडं बघितलं, मिरच्यांच्या माळांसकट. "ठरलं," ते म्हणाले.

त्या वैकासीत वारा उशिरा आला. एक रविवार तिरका गेला, दुसरा मेलेला. मग सर रोज पहाटे जायला लागले, पंदलवालाही रोज टेम्पो घेऊन. बैलासारखा फुरफुरत यायचा, पण यायचा. रेडिओवर सांगितलं की धरणाचं पाणी सोडलं. आम्ही हिशोब करायला लागलो, पाणी कुठवर आलं असेल. शेवटी शनिवारी पहाटे रिबनी उठल्या. सगळ्या एका दिशेला, सरळ, जणू कोणी इस्त्री करून ठेवल्यात. वाळू मोकळी. वरच्या गावाहून आलेल्या बसचा कंडक्टर सांगून गेला की पाणी उद्या सकाळी इथं.

तासाभरात काठ भरला. चहाच्या दुकानातले सगळे आले, शर्ट इस्त्री न करता. मी तारा धरून उभी राहिले. सरांनी एकेक तार बघितली, हूक लावला, झुलून दाखवलं. "हूक?" त्यांनी विचारलं. "हो सर," मी म्हणाले. सर उठून उभे राहिले. आणि तेवढ्यात वैनी अत्यांना घेऊन आली.

अत्या म्हणजे सरांच्या वडिलांची बहीण, घरातलं सगळ्यांत मोठं माणूस. सोवळं नेसून, काठी टेकत टेकत त्या काठावर आल्या आणि सरांकडं बघून म्हणाल्या, "देवास नमस्कार नाही, मोठ्यांस नमस्कार नाही, निघालास आकाशास!"

"अत्या, नंतर करतो."

"नंतर? आणि वरून पडलास तर कोण करेल?"

लोक हसले. सरही हसले. आमच्या घरांत नमस्कार म्हणजे नुसतं वाकणं नव्हे, जमिनीला कपाळ लागलं पाहिजे. सरांनी हात मागं नेऊन हूक काढला, त्रिकोणातून बाहेर आले आणि त्या पट्ट्यांच्या जाकिटासकट, हेल्मेटसकट, गवतात पालथे पडले. मग वैनीनं दृष्ट काढायला कोहळ्यावर कापूर पेटवून त्यांच्यावरून आणि ग्लायडरवरून ओवाळला. पंदलवाल्यानं तो कोहळा घेऊन आपटला, आणि आपटला तो नेमका सरांच्या पळायच्या वाटेवर.

"अरे, घसरेन मी!" सर ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. सगळेजण वाकून कोहळ्याच्या फोडी वेचायला लागले. सर स्वतः खाली बसून गवतातल्या बिया निवडत होते. "येथे एक आहे. तेथे बघ." वाट स्वच्छ झाली. सरांनी वरती रिबनींकडं बघितलं, पटकन त्रिकोणात शिरले, ग्लायडर खांद्यावर घेतलं. मी समोर. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पार पलीकडच्या काठावर, जिथं जायचं तिथं.

"तयार?"

त्यांच्या खांद्यामागं पाठीवरचा हूक लोंबत होता. मोकळा. वाऱ्यानं किल्ल्यांच्या जुडग्यासारखा हलत होता.

मला बोलायचं होतं. "हूक" एवढा एक शब्द, तिन्ही भाषांत तोच. पण एवढी माणसं, आणि मी त्यांच्या मधोमध. मी तारा सोडल्या नाहीत.

"तयार म्मा?"

मी तशीच.

"सोड," सर म्हणाले.

"विडु म्मा, विडु!" पंदलवाला मागून ओरडला. सोड, सोड. "घाबरली ती. मास्टर, मी धरतो." अत्यांनी कोणाला तरी विचारलं, "काय झालं? अडवते कां ती? काय हा अपशकुन!" वारा वाढला. ग्लायडर माझ्या हातांत जनावरासारखं उठायला बघत होतं, तारा बोटांत रुतत होत्या. मी आणखी घट्ट धरल्या. आयुष्यात मी कधी कोणाला इतका वेळ नाही म्हटलं नव्हतं.

तेव्हा सरांनी पलीकडच्या काठावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या खांद्यामागं बघितलं. त्यांचा एक हात त्रिकोण सोडून मागं गेला, वरचा पट्टा सापडेपर्यंत चाचपत राहिला, आणि रिकामा पट्टा धरून थांबला.

ते तसेच पळत सुटले असते तर पहिल्या चार ढांगांत काहीच कळलं नसतं. मग जमीन सुटली असती आणि ते दोन हातांनी त्रिकोणाला लोंबत राहिले असते. हे काठावर आम्हा दोघांनाच कळलं होतं. सरांनी ग्लायडर खाली ठेवलं. हेल्मेट काढलं. कपाळाला अजून नमस्काराची माती होती.

"आज मी नाही," ते म्हणाले.

वैनी पुढं आली. "काय झालं?"

"हूक लावला नव्हता."

वैनीचा चेहरा उतरला. पण तिनं लगेच स्वतःला सावरलं. "मग आता लावा कीं! लावा आणि जा. त्यात काय?"

"ज्याचं चुकलं तो त्या दिवशी उडत नाही."

"अहो, उद्या पाणी येतंय!"

"येऊ दे."

काठावरचे लोक कुजबुजत होते. कोणी तरी म्हणालं, बघा, परत आज नाही. पंदलवाल्यानं मात्र तोंडातली सुपारी थुंकली आणि टेम्पोला टेकून उभा राहिला.

सर पट्ट्यांचं जाकीट उतरवत होते. उतरवून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. "वारा चांगला आहे. त्यास असाच परत पाठवायचं नाही. ये."

"लग्नाची मुलगी आहे ती!" अत्या म्हणाल्या.

"अत्या, नमस्कार झाला ना तुमचा? बसा आता," वैनी म्हणाली. तिनं माझी ओढणी काढून आपल्या कमरेला बांधली, माझी वेणी कुडत्यात खोचली आणि जाकिटाची बक्कलं एकेक लावली. सरांनी हूक लावला. मला झुलवलं. परत उभं केलं, परत झुलवलं. मग ते समोर गेले आणि माझ्या जागी, दोन हातांत दोन तारा घेऊन उभे राहिले.

"कोठे बघायचं?"

"जिथं जायचं तिथं."

"तयार?"

"तयार सर."

ते वाकून बाजूला झाले. मी पळाले. पलीकडच्या काठावर नारळांची एक रांग होती, तिच्यातलं एक वाकडं झाड मी धरून ठेवलं होतं. उतारावर ओझं गेलं, पट्ट्यांनी धरलं, आणि मी पळतच होते, पण पायांखाली काही लागत नव्हतं. कापडाचा एक बारीक गुणगुणता आवाज होता, आणि बाकी सगळे आवाज बंद. चहाच्या दुकानातले, अत्या, कोणी नाही. खाली वाळूवरून माझी सावली, त्रिकोणी, शांतपणे निघाली होती, हे मला डोळ्यांच्या कडेनं दिसलं. खाली बघितलं नाही. त्रिकोण जरा पोटाकडं ओढला तर वारा तोंडावर जोरात आला, सैल सोडला तर मऊ झाला. मग वाळू वर आली, मी दांडा पुढं ढकलायला उशीर केला आणि गुडघ्यांवर घसरत थांबले. दातांत वाळू. वाकडं झाड होतं तिथंच, समोर.

किती उंच गेले असेन? चहावाला पुढं सांगायचा, नारळाएवढी. मला वाटतं, उभ्या माणसाच्या डोक्याएवढी. मागं वळून बघितलं तर सर काठावरून धावत उतरत होते, लहान मुलासारखे हात पसरून. जवळ आल्यावर त्यांनी आधी हूक बघितला. मग मला.

परत येताना टेम्पोत वैनी कमरेला बांधलेली माझी ओढणी सोडून तिची घडी घालत बसली. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "राहू द्या तें पडवीत. मशीनं माजघरात लावू."

"मी कोठे उडलो?" सर म्हणाले.

"मज नक्को तें उडणं. तुम्ही असेच परत घेऊन येता तें बरं. मला आज कळलं."

"ठरलं होतं," सर म्हणाले.

वैनी रडायला लागली. पंदलवाला गाडी चालवता चालवता म्हणाला, "मास्टर, मला नको ते. खरंच नको. जागा नाही माझ्याकडं." पण सर ऐकणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी नदीला पाणी आलं, आणि त्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतः मिरच्यांच्या माळा काढल्या, काथ्याच्या दोऱ्या सोडल्या आणि पिशवी टेम्पोवर बांधून दिली. बांधून झाल्यावर प्रत्येक गाठ ओढून बघितली.

त्यानंतर मी कॉम्प्युटर शिकले, सरांकडंच. की-बोर्डवर खोका ठेवायची त्यांची सवय तशीच होती, फक्त आता त्या खोक्याला एसीचा गारवा लागायचा. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा. आनीतला, म्हणजे वैकासीनंतरच्या महिन्यातला, मुहूर्त. आमच्या बोळाच्या तोंडाशी पंदल घालायला तोच पंदलवाला आला. सकाळी मी मुंडावळ्या बांधून बाहेर आले तर डोक्यावर नारिंगी-निळं कापड होतं आणि कोपऱ्यांत अल्युमिनियमचे पाइप, मोगऱ्याच्या माळा गुंडाळलेले.

सर आणि वैनी जेवणाच्या पंगतीआधी आले. वारा सुटला होता. कापड खालून फुगत होतं, ताणत होतं, पाइप जागच्या जागी करकरत होते. लोक वर बघत जेवायला आत जात होते. सर गेले नाहीत. हात मागं बांधून ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होते आणि प्रत्येक गाठ ओढून बघत होते.

वैनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "अहो, चला कीं जेवायला," तिनं हाक मारली. "बघा तें. अजून उडायला बघतंय."

"नाही," सर म्हणाले. "बांधलंय. मी बघितलं." मग ते थांबले आणि माझ्याकडं वळले. "पण तू एकदा बघ म्मा. माझं चुकतं."

मी नऊवारी सावरत गेले. नवरा, सासूबाई, पुण्याचे सगळे पाहुणे बघत होते. चारही कोपऱ्यांतल्या गाठी मी एकेक ओढल्या, शेवटची दोनदा.

"बांधलंय सर," मी म्हणाले. पंदलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.